यील्ड म्हणजे उतारा

झरी जामणीत आपल्याला एबीसीडी पाचवीत भेटली. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आपण दहावी होऊन बाहेर पडलो होतो.

सर शब्दाचा अर्थ सांगायचे, पण वाक्य ज्याच्या-त्याच्या घरचं मागायचे. अर्थ आणि जोडीला वाक्य, ही हॉर्नबीच्या ऑक्सफर्ड डिक्शनरीचीही रीत, हे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

'यील्ड' म्हणजे उतारा. मी लिहिलं, 'धिस इयर अवर कॉटन यील्ड इज व्हेरी लो.' सरांनी स्पेलिंग तपासलं, वही मिटली. सहलीचे पैसे मला मागितलेच नाहीत. सहलीला मात्र नेलं.

पायथॉनमध्येही 'यील्ड' आहे. लिहिताना मला आजही कापूसच दिसतो.

सर, ते पैसे अजून बाकी आहेत.