क्लोज, शट, लॅच, लॉक: नुसतं ‘बंद’ पुरत नाही तेव्हा

मागच्या महिन्यात एका श्रोत्या मैत्रिणीनं विचारलं होतं, ‘क्लोज द डोअर’ आणि ‘शट द डोअर’ यात फरक काय? तर आजचा भाग त्यावर. पण खरा मामला क्लोज आणि शटचा नाहीये, तो पुढे आहे.

आधी हे दोन उरकून टाकू. दाराच्या बाबतीत अर्थ जवळजवळ एकच. क्लोज जरा सभ्य, शट जरा ठसक्यात. मीटिंग, बँकेचं खातं, चौकशी हे क्लोज होतं, तिथं शट चालत नाही. क्लोज हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला पाहुणा, शट हा इंग्रजीचा घरचा. आणि गंमत म्हणजे शटचा जुना अर्थ होता अडसर सरकवणं. शूट शब्दाचा तो भाऊबंद. अजूनही ‘शूट द बोल्ट’ म्हणतात, म्हणजे बोल्ट सट्‌कन आत सरकवणं. पुढे अडसर विसरला गेला आणि शट म्हणजे नुसतं लोटणं राहिलं.

आता मुख्य गोष्ट. इंग्रजीत दाराबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. एक, फट आहे का? दोन, ते उघडायला काय लागेल? क्लोज आणि शट पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात. लॅच, बोल्ट, लॉक हे दुसऱ्याचं. लॅच म्हणजे दार लोटलं की आपोआप अडकतं, दांडा फिरवला की उघडतं. (आपल्या फ्लॅटला जे ‘लॅच’ असतं, जे पडलं की आपण बाहेर आणि किल्ली आत, ते इंग्रजीत खरं म्हणजे नाईट लॅच.) बोल्ट म्हणजे सरकवायची कडी, एकाच बाजूनं निघते. लॉक म्हणजे किल्ली किंवा कोड ज्याच्याकडे, त्याचंच राज्य. आणि फासन, ज्यातला ‘टी’ आपण सगळे शाळेत उच्चारत होतो, तो या सगळ्यांच्या वरचा: घट्ट बसवा, कशानंही. त्यातला फास्ट म्हणजे वेगवान नव्हे, तर पक्का. गाढ झोपेला ‘फास्ट अस्लीप’ म्हणतात तोच हा फास्ट.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे माणसं मरून कळलंय. 16 जून 1883, इंग्लंडमधलं संडरलंड, व्हिक्टोरिया हॉल. मुलांसाठी कार्यक्रम होता. शेवटी बक्षिसं वाटणार म्हटल्यावर गॅलरीतली मुलं जिन्यावरून खाली धावली. जिन्याच्या तळाशी आत उघडणारं दार होतं. ते बंद नव्हतं! एकेक मूल जाईल एवढी फट ठेवून ते बोल्टनं अडकवलेलं होतं. मागून येणाऱ्यांना पुढचं दिसेना, रेटा वाढत गेला. 183 मुलं गेली. म्हणजे दार उघडं आणि तरी बोल्ट लावलेलं. आपल्याकडे हे एका शब्दात सांगून बघा. पुढे 1892 मध्ये रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी पॅनिक बोल्टचं पेटंट घेतलं. मॉलच्या आणि थिएटरच्या मागच्या दाराला जो आडवा दांडा असतो, अंग टेकलं की उघडतो, त्याचा हा पूर्वज. बाहेरच्याला लॉक, आतल्याला नुसतं लॅच.

दुसरी घटना न्यूयॉर्कची. 25 मार्च 1911, ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि 146 जण मेले, बहुतेक तरुण स्थलांतरित मुली. नवव्या मजल्यावरचं जिन्याचं एक दार उघडलंच नाही. कारखान्यात चोरी होऊ नये म्हणून दारं कुलूपबंद ठेवायची पद्धत होती. डिसेंबरमध्ये मालकांवर खटला चालला, आणि तो एकाच मुद्द्यावर फिरत राहिला: दार लॉक होतं का, आणि त्या क्षणी मालकांना ते माहीत होतं का? माहीत होतं हे ज्युरीला पटलं नाही. मालक सुटले.

आता आपल्याकडे या. मराठी गरीब आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. डोळे मिटतात, छत्री मिटते, दार लोटतात, ओढून घेतात, कडी घालतात, कुलूप लावतात. (दार ‘लाव’ म्हणजे बंद कर आणि टीव्ही ‘लाव’ म्हणजे चालू कर, हे परदेशी माणसाला समजावून दाखवा!) पण पाटी लिहायची वेळ आली की आपण सगळं ‘बंद’मध्ये कोंबतो. एका इमारतीत आगीच्या जिन्याच्या दारावर पाटी पाहिली: ‘हा दरवाजा कायम बंद ठेवावा’. इंग्रजी मूळ असणार ‘कीप क्लोज्ड’. ते दार मिटलेलं हवं म्हणजे जिन्यात धूर शिरत नाही, पण कुणालाही ढकलून उघडता आलं पाहिजे. तिथं मस्तपैकी कुलूप होतं. वॉचमनकाकांनी पाटी वाचली आणि पाळली, त्यांना काय बोलणार? तिथं हवं होतं ‘दार लोटून घ्या, कुलूप लावू नका’.

माझ्या धंद्यातही हेच. एका बँकेच्या ॲपमध्ये मराठी निवडलं तर ‘कार्ड बंद करा’ दोन ठिकाणी येतं. एक तात्पुरतं लॉक, दुसरं कायमचं क्लोज. पाकीट सापडत नाही म्हणून घाबरलेल्या माणसानं कुठलं दाबायचं? ‘तात्पुरतं थांबवा’ आणि ‘कायमचं रद्द करा’, झालं. कोड लिहिणाऱ्यांनी हा फरक आपल्यापुरता कधीच केलाय. नेटवर्क सॉकेटला शटडाऊन वेगळं आणि क्लोज वेगळं. शटडाऊन करून तुम्ही सांगू शकता की ‘माझं बोलून झालं, पण तुझं ऐकतोय’. क्लोज म्हणजे आपल्या बाजूनं दोरीच सोडून दिली. मशीनला एवढं नीट सांगतो आपण, आणि माणसाला? ‘बंद करा’.

तुमच्या घरी कडी, खिटी, अडसर, आडणा यातले कुठले शब्द अजून चालतात ते कळवा, कोकणातले असतील तर आधी पाठवा. आणि आज खाली उतरताना लिफ्टऐवजी जिन्यानं जा, दारावर काय लिहिलंय आणि काय लटकतंय ते बघा. भेटू पुढच्या भागात.