एकक लिहिलं का?

एपीआय म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला माहिती विचारायची खिडकी. त्या खिडकीवरची पाटी लिहिणं हे माझं काम. पूर्वी ती प्रोग्रामर वाचत, आता एआय एजंटही वाचतात.

डेटा.गव्ह.इन या सरकारी पोर्टलवर बाजार समित्यांचे रोजचे भाव असे मिळतात. ते असतात क्विंटलचे. पाटीवर तसं लिहिलं नाही, तर एजंट पासलीच्या शेतकऱ्याला तांदळाचा क्विंटलचा भाव किलोचा म्हणून सांगेल, तोही ठामपणे. माणूस शंका आली की विचारतो. यंत्र विचारेलच असं नाही.

म्हणून लिहून झालं की परीक्षा घ्यायची. एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारायचा. आवक नसलेल्या दिवसाचा भाव मागायचा. ‘भाव उपलब्ध नाही’ म्हणाला, तर पास!

उत्तरापुढे एकक नसेल तर गुण कापणाऱ्या गुरुजनांनो, तुमचंच काम पुढे चालू आहे.