उलट उत्तराची जागा



शहरांतल्या उपेक्षित समाजांवरच्या माहितीपटांचं हे संमेलन आणि अध्यक्षपदी एक संकलक, हे जरा विचित्रच आहे. दिग्दर्शक वस्तीत हिंडतो, कॅमेरामन उन्हात उभा राहतो आणि आम्ही थंड खोलीत बसून त्यांनी आणलेल्या माणसांची काटछाट करतो. वस्त्यांबद्दल अधिकारवाणीने बोलायचा हक्क माझ्याकडे नाही. पण जे फिल्ममध्ये येत नाही, ते सगळ्यांत जास्त पाहिलेलं असतं संकलकानेच. आज थोडं त्याबद्दल बोलतो.

दहा बाय बाराच्या खोलीत शूटिंग सुरू होण्याआधी साउंडवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘जरा पंखा बंद करता का?’ मग शेजारचा टीव्ही हळू होतो, गॅसवरचा कुकर उतरतो, रडणारं पोर कडेवर घेऊन कोणीतरी बाहेर जातं. नळाला पाणी यायची वेळ झालेली असते, तरी बाई हंडा बाजूला सारून आमच्यासमोर बसून राहते. हे सगळं ट्रॅकवर स्वच्छ ऐकू येतं आणि हे सगळं आम्ही कापतो. पडद्यावर उरते घामाने डबडबलेली बाई. तो घाम गरिबीचा, असं प्रेक्षक समजतो. त्यातला निम्मा तरी आम्ही पंखा बंद केल्यामुळे आलेला असतो!

कॅमेऱ्याची ही मिजास जुनी आहे. सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांना आपली प्रजा जातवार ओळखून ठेवायची होती. त्यातून ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले, छायाचित्रांसकट. याच काळात, १८७१ साली, क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्यांची नोंद, हजेरी, पुढे बोटांचे ठसे आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. कायदा १९५२ साली गेला, पोलिसांची नजर काही गेली नाही. म्हणून पुलाखालच्या पालातला पारधी म्हातारा कॅमेरा दिसताच तोंड फिरवतो, तेव्हा ‘हे लोक फार बुजरे असतात’ असं निवेदनात लिहू नका. तो बुजरा नाही. फोटो काढणारा माणूस नंतर काय करतो, हे त्याच्या घराण्याला चांगलं ठाऊक आहे.

मग अशा फिल्म करायच्याच नाहीत का? करायच्या, जरूर करायच्या. मी फक्त एकच गोष्ट तपासतो. ज्याच्यावर फिल्म केली, त्याला त्या फिल्मशी भांडायला जागा ठेवली आहे का?

याचं मला सगळ्यांत आवडतं उदाहरण आफ्रिकेतलं आहे. १९५८ साली झाँ रूश या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने आबिजान शहरातल्या त्रेशव्हिल या वस्तीवर ‘म्वा, अँ न्वार’ केला. नायजरमधून पोटासाठी आलेल्या तरुणांची ही गोष्ट. चित्रीकरण मुकं होतं. रूशने त्यातल्या एकाला, उमारू गांडाला, चित्रित केलेले तुकडे दाखवले आणि सांगितलं, आता तूच बोल. गांडा इंडोचायनाच्या युद्धात फ्रेंचांच्या बाजूने लढून आलेला, बंदरावर हमाली करणारा. तो मनाला येईल तसं बोलत गेला आणि फिल्म त्याच्या आवाजाची झाली. पण खरी गंमत पुढे आहे. रूशने रंगवलेलं आपलं चित्र गांडाला पुरतं पटलं नव्हतं. दहाएक वर्षांनी त्याने स्वतःच ‘काबास्काबो’ नावाची फिल्म केली, युद्धावरून परतलेल्या सैनिकाची, आणि मुख्य भूमिकाही आपणच केली. घरात ज्याला आपण उलट उत्तर म्हणून दटावतो, ते माहितीपटाच्या धंद्यात मी सर्वांत मोठं पारितोषिक मानतो.

याच्या नेमकं उलटं कलकत्त्यात घडलं. ‘बॉर्न इंटू ब्रॉथेल्स’ला २००५ साली ऑस्कर मिळालं. सोनागाची या वेश्यावस्तीतल्या मुलांच्या हाती स्टिल कॅमेरे दिले, ही कल्पना छानच. पण त्या मुलांच्या आयांसारख्या देहविक्रय करणाऱ्या बायकांची दुर्बार महिला समन्वय समिती ही हजारोंची संघटना तिथे कित्येक वर्षं काम करत होती. तिला त्या फिल्ममध्ये जागाच नाही. बाहेरून कोणी येईपर्यंत वस्ती जणू हात जोडून बसली होती! त्याच संघटनेतल्या बायका शोहिनी घोष यांच्या ‘टेल्स ऑफ द नाइट फेअरीज’मध्ये हसतात, वाद घालतात, फिरायला जातात. हा ‘बॉर्न इंटू ब्रॉथेल्स’च्या दोन वर्षं आधीचा माहितीपट. तो किती जणांनी पाहिला, हे विचारत नाही.

आपल्याकडचं सांगायचं तर १९८५च्या ‘हमारा शहर’मध्ये आनंद पटवर्धनांनी मुंबईतली झोपडपट्ट्यांची तोडफोड टिपली. त्यात शाहीर विलास घोगरे गायले आहेत. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगऱ्यांनी गळफास घेतला. पटवर्धनांचाच, दलित शाहिरांच्या गाण्यांवरचा ‘जय भीम कॉम्रेड’ तिथून सुरू होतो आणि पुरा व्हायला चौदा वर्षं घेतो. एखादा दिग्दर्शक आपल्याच जुन्या फिल्ममधल्या माणसाच्या मरणाचा जाब विचारत एवढा काळ फिरतो, हे मला त्यातल्या गाण्यांइतकंच मोलाचं वाटतं. जानेवारी २०१२मध्ये ही फिल्म भायखळ्याच्या बीआयटी चाळीत लोकांना दाखवली गेली. ज्यांची गाणी, त्यांच्या अंगणात.

पुण्यात अतुल पेठ्यांनी सफाई कामगारांवर ‘कचराकोंडी’ केली. पुढे पुणे महापालिकेचे सफाई कामगार त्यांच्याबरोबर गो. पु. देशपांड्यांच्या ‘सत्यशोधक’ नाटकात उभे राहिले आणि जोतीराव फुल्यांची गोष्ट सांगत गावोगाव फिरले. मॅनहोलपाशी ज्यांना आपण पाहिलं, तीच बिरादरी रंगमंचावरून आपल्याला इतिहास सांगू लागली. अहमदाबादच्या छारानगरात, म्हणजे जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या छारा जमातीच्या वस्तीत, तर १९९८पासून बुधन थिएटरची मुलं आपली नाटकं आपणच करतात, आणि त्यांच्यातूनच माहितीपट करणारेही निघाले. तिथे आता बाहेरच्या दिग्दर्शकाने जायचं ते शिकायला.

आता थोडं रोकडं बोलतो. इंग्रजी संमतीपत्रावर सही घेणं थांबवा. मराठीत, हिंदीत, जी बोली घरात चालते तिच्यात वाचून दाखवा, आणि ज्या दिवशी एखाद्याची रोजी बुडते त्या दिवसाचे पैसे द्या. यामुळे फिल्म ‘विकत घेतलेली’ होते, असं म्हणणाऱ्यांनी आपलं मानधन आधी परत करावं. परदेशी महोत्सवासाठी इंग्रजी सबटायटल्स आठवड्यात होतात. मराठी प्रत मात्र ‘नंतर बघू’वर राहते. पंधराव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोललेल्या मुलीचं पुढे लग्न ठरतं, नोकरी लागते. यूट्यूबवरचा तो तुकडा काढायला सांगायचा झाला तर तिने कोणाला फोन करायचा, ते संमतीपत्रावर लिहिलेलं असावं.

शेवटचं, माझ्या टेबलावरचं. तासाभराच्या फिल्ममागे शंभर शंभर तासांचे रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, असतात. त्यात आज पाडून टाकलेल्या गल्ल्या आहेत, गेलेल्या म्हाताऱ्यांची गाणी आहेत. हे सगळं निर्मात्यांच्या कपाटात हार्ड डिस्कवर पडून आहे, आणि हार्ड डिस्क काही वर्षांत बसते. त्याची एक प्रत वस्तीतल्या वाचनालयात, युनियनच्या ऑफिसात, बुद्धविहारात, जिथे जागा आणि जबाबदार माणूस असेल तिथे ठेवावी, असा ठराव मी उद्याच्या खुल्या अधिवेशनात मांडणार आहे. निर्माते विरोध करतील, हक्कांचा प्रश्न काढतील. तो प्रश्न खराच आहे, म्हणून वकिलांनाही बोलावलं आहे. सकाळी दहाला सुरू करू. कृपया वेळेवर या.