छायाचित्रातील खरेपणा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात विद्यार्थ्यांनी काढलेल्या निसर्गचित्रांचे छोटेसे प्रदर्शन भरविण्यात आले आहे. त्या निमित्ताने चार शब्द बोलावेत, असा आदेश मला झाला. प्रदर्शनात खंड्या आहे, फुलपाखरे आहेत, ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यात सापडलेला खेकडाही आहे. एके काळी कॅमेरा ही श्रीमंताघरची वस्तू होती. आज तो मोबाईलच्या रूपाने घरोघरी आला आहे, आणि त्याच मोबाईलमध्ये काढलेले चित्र बदलून टाकण्याची साधनेही आहेत. म्हणून चित्र कसे काढावे यापेक्षा चित्राशी प्रामाणिक कसे राहावे, याविषयी बोलणे मला अधिक अगत्याचे वाटते.

कॅमेऱ्याच्या इतिहासात एक नाव आपण अभिमानाने घेतो. बसरा येथे जन्मलेले आणि पुढे कैरोत राहून संशोधन करणारे इब्न अल-हैथम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो तेव्हा आपल्याला दिसते, हे त्यांनी मांडले, आणि अंधाऱ्या खोलीत लहान छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग केले. मोठमोठ्या ग्रंथकारांचे म्हणणेसुद्धा तपासून घ्यावे, ही त्यांची शिकवण होती. नुसता अभिमान बाळगण्यापेक्षा ही तपासून पाहण्याची सवय आपण उचलली, तर तिचा उपयोग अधिक आहे.

आता समुद्राखालच्या छायाचित्रणाचे उदाहरण घेऊ, कारण खरे काय हे ठरविणे तेथे फार अवघड आहे. फ्रान्समध्ये लुई बूताँ या शास्त्रज्ञाने १८९३ साली पाण्याखाली छायाचित्रे काढली. पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे १९२६ साली अमेरिकेतील फ्लोरिडाच्या समुद्रात लाँगली आणि मार्टिन या दोघांनी घेतली. त्यासाठी पाण्यावर तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागली. एवढा खटाटोप कशासाठी? तर पाणी प्रकाश गिळते म्हणून. त्यातही लाल रंग ते सर्वांत आधी गिळते. पाच-दहा मीटर खाली गेले की लाल मासा करडा दिसू लागतो. त्यानंतर नारिंगी आणि पिवळा रंग लोपतो, आणि शेवटी निळाईच उरते. आणखी खोलवर पाणबुड्याचे बोट कापले, तर रक्तसुद्धा हिरवट दिसते.

मग प्रश्न पडतो, त्या माशाचा खरा रंग कोणता? नुसत्या डोळ्यांना दिसतो तो करडा, की दिवा धरल्यावर दिसतो तो लाल? छायाचित्रकार सोबत दिवा नेतो किंवा नंतर संगणकावर गेलेला लाल रंग परत आणतो. २०१९ साली अक्कायनाक आणि ट्रायबिट्झ या दोन संशोधक महिलांनी तर पाण्याचा परिणाम गणिताने वजा करून, तीच वस्तू जमिनीवर कशी दिसेल हे दाखविणारी पद्धत मांडली. याला मी लबाडी म्हणणार नाही, कारण माशाच्या अंगी जे होते तेच येथे परत मिळविले जाते. मात्र जेथे एकच मासा होता तेथे तीन दाखविले किंवा दुसऱ्या समुद्रातला शार्क आणून चिकटविला, तर ती लबाडी होय. जे होते ते स्पष्ट करणे वेगळे आणि जे नव्हते ते घालणे वेगळे. हा भेद ध्यानात ठेवला, तर पुष्कळसा गोंधळ मिटतो.

चित्रातील फेरफार संगणकामुळेच सुरू झाले असे मात्र समजू नका. अंधाऱ्या खोलीत चित्र धुतानाही त्याचा एखादा भाग उजळ, एखादा गडद करीत असत. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. त्यापूर्वीच, फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर, उभ्या पानात बसावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड संगणकाच्या साह्याने एकमेकांजवळ सरकविण्यात आले होते. त्यावर बरीच टीका झाली. लोकांनी विचारले, एवढे जुने, नावाजलेले मासिक पिरॅमिड हलविते, तर मग विश्वास ठेवायचा कोणावर?

दुसरा प्रकार असा की चित्राला कोणी हात लावलेला नसतो, पण चित्रातला प्रसंगच बनावट असतो. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली कुंपणावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो लांडगा बहुधा माणसाळविलेला आहे असा परीक्षकांचा निष्कर्ष झाला आणि २०१० च्या जानेवारीत ते पारितोषिक काढून घेण्यात आले. त्याच स्पर्धेतील मुंगीखाऊ प्राण्याचे एक विजेते चित्र २०१८ साली बाद झाले. चित्रातला प्राणी पेंढा भरलेला असावा, असे तज्ज्ञांचे मत पडले. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारला, पण गेलेला विश्वास परत आला नाही.

तिसरा प्रकार आपल्या रोजच्या अनुभवातला आहे. चित्र खरे, पण त्याखालचा मजकूर खोटा! २००३ साली दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात थॉमस पेशॅक यांनी एका अरुंद होडीमागून येणाऱ्या पांढऱ्या शार्कचे छायाचित्र घेतले. ते अस्सल असूनही अनेकांना खोटे वाटले. पुढे कोणीतरी त्यातला शार्क कापून पुराचे पाणी भरलेल्या रस्त्यावर चिकटविला. ते चित्र २०११ च्या आणि पुन्हा २०१७ च्या चक्रीवादळात जगभर फिरले, आणि लाखोंनी ते खरे मानले. खऱ्यावर संशय आणि खोट्यावर विश्वास, अशी ही उलटी गंगा आहे. २०२४ साली तर संगणकाने रचलेल्या चित्रांच्या स्पर्धेत एका छायाचित्रकाराने रोहित पक्ष्याचे खरेखुरे छायाचित्र पाठविले आणि त्याला बक्षीस मिळाले. सत्य कळल्यावर ते बाद झाले.

पालकहो, शार्कच्या खोट्या चित्राने फारसे कोणाचे बिघडत नाही. पण दुसऱ्याच गावचे, दुसऱ्याच वर्षाचे चित्र आपल्या गावचे म्हणून पसरविले गेले, तर घरे उद्ध्वस्त होऊ शकतात. शेजाऱ्याविषयीचा विश्वास एका रात्रीत नाहीसा होतो. म्हणून आलेले चित्र पुढे पाठविण्यापूर्वी ते कोठले, केव्हाचे आणि कोणी काढलेले, हे विचारण्याची सवय घरातच लागली पाहिजे. उत्तर मिळाले नाही, तर ते चित्र आपल्यापाशीच थांबवावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही निसर्गाची चित्रे जरूर काढा. फक्त काही नियम पाळा. चित्रासाठी घरट्याजवळच्या फांद्या तोडू नका, पिलांना हात लावू नका. मालवणच्या समुद्रात उतरण्याचा योग आला, तर प्रवाळावर पाय देऊ नका. तो दगड नव्हे, अगणित लहान जिवांनी बांधलेली वस्ती आहे, आणि तिचे अनेक प्रकार वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. चित्रातला उजेड आणि रंग थोडा सुधारलात तर हरकत नाही, पण मूळ चित्र जपून ठेवा आणि काय केले ते विचारताच सांगा. जे सांगायला संकोच वाटेल ते करूच नका. पाळीव पोपटाला रानातला म्हणू नका. चित्राखाली स्थळ आणि तारीख खरी लिहा.

आम्हा शिक्षकांवर आणि परीक्षकांवरही जबाबदारी आहे. झगझगीत पण बनावट चित्राला आम्ही पहिला क्रमांक दिला, तर मुले तेच शिकतील. यंदाच्या प्रदर्शनातला खेकडा थोडा अस्पष्ट आहे, एका बाजूला गेला आहे. पण तो त्या डबक्यात होता आणि चित्र काढून झाल्यावर तेथेच राहिला. माझ्या मते असे चित्र शाबासकीला सर्वस्वी पात्र आहे.

न पाहिलेली गोष्ट छायाचित्रामुळे आपण पाहिल्यासारखी मानतो. पाण्याखालचे जग आपल्यापैकी बहुतेकांनी असेच, दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले आहे. तो विश्वास ही एक अमानत आहे, आणि ती सांभाळणे हे चित्र काढणाऱ्याचे आणि पाहणाऱ्याचे, दोघांचेही कर्तव्य आहे.