जुन्या गाडींत नवें इंजिन

नागपुरांत सदरच्या रस्त्यानें जुनी पिकअप गाडी निघाली कीं पाहणारे क्षणभर थांबतात. मालकाच्या मनांत मात्र कधीं कधीं अधिक अश्वशक्तीचें डीझेल इंजिन बसविण्याचा बेत घोळत असतो.

डीझेल इंजिनांत ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेटतें. तो दाब सोसण्यासाठीं तें जड घडवावें लागतें. त्याचा भार पुढच्या स्प्रिंगांना, ओढ गिअरपेटीला आणि वेग ब्रेकांना पेलला पाहिजे. वैशाखांतल्या उन्हासाठीं रेडिएटरहि मोठा हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें नोंदणी-अधिकाऱ्याची मंजुरी लागते ती निराळीच.

शिवाय २०२१ च्या नियमांनीं ५० वर्षांवरील खाजगी गाडीला दिलेला ‘विंटेज’चा मान मूळ रूप राखणाऱ्या गाडीसच मिळतो. तेव्हां पाना हातीं घेण्यापूर्वीं मालकानें ठरवावें : शक्ति हवी कीं वारसा?