हळद तेलात किती, पाण्यात किती?

नांदे गावातून बोलतेय. आपल्यातले काही गट हळद दळून पाकिटं विकतात, म्हणून आज हळदीच्या रंगाविषयी.

फोडणीत हळद पडली की तेल पिवळंधमक होतं. पाण्यात मात्र ती बरीचशी तळाशी बसते. रंग देणारं कुर्क्युमिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. प्रयोगशाळेत हे मोजायला तेलाऐवजी ऑक्टॅनॉल नावाचं द्रव घेतात, पाण्याबरोबर हलवतात आणि थर वेगळे झाले की कुठे किती गेलं ते बघतात.

सोपं वाटतं ना? पण कुर्क्युमिन टिकाऊ नाही. अंगाइतक्या कोमट, आंबट नसलेल्या पाण्यात ते अर्ध्या तासात ९० टक्क्यांच्या आसपास मोडतं. मग तेलातलं मोजून ‘उरलेलं पाण्यात’ असं धरलं तर हिशेब फसतो. पेटी न उघडता वहीत शिल्लक लिहावी, तसंच ते! म्हणून पाणी किंचित आंबट ठेवतात, उजेड टाळतात, काम झटपट उरकतात आणि दोन्ही थर मोजतात. हळदीचा डाग उन्हात विटतो, तो याच स्वभावामुळे. पाकिटंही उन्हात मांडू नका.

आता खरेदीचं. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका. खरी हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं करते. पाणी गडद पिवळं झालं, तर मेटॅनिल यलोसारखा पाण्यात विरघळणारा रंग मिसळलेला असू शकतो. लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, ते या परीक्षेतून निसटतं. त्यात शिसं असतं. शंका आली तर नमुना प्रयोगशाळेतच द्या, आणि निकाल येईपर्यंत ते पोतं दळायला घेऊ नका.