काडेपेटी आणि तोंडपाठ नंबर



माझं माहेर रत्नागिरीचं, सासर चिपळूणचं. आज तुम्हाला 22 जुलै 2021ची गोष्ट सांगते. रात्रभर पाऊस कोसळत होता. वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि बघता बघता आमच्या ओटीवर आलं. सासूबाईंना धरून आम्ही माडीवर नेलं. वीज गेलीच होती, मग फोनची रेंजही गेली. टॉवरलाही वीज लागते, मुलांनो. ती गेली की त्याच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात, मग तोही मुका. आदल्याच वर्षी, 3 जून 2020च्या निसर्ग वादळात, दापोली-मंडणगडकडे हेच झालं होतं. कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. ते ऐकूनही मी काही तयारी केली नव्हती.

तयारी होती ती सासूबाईंची. 2005चा पूर त्यांनी पाहिला होता. तेव्हापासून दरवर्षी पावसाळ्याआधी आगोट भरताना त्या माडीवर एक पत्र्याचा डबा ठेवायच्या. त्यात पोहे, गूळ, मेणबत्त्या, त्यांच्या गोळ्या आणि प्लॅस्टिकमध्ये तीन पदरी गुंडाळलेली काडेपेटी. त्या रात्री सगळं घर ओलं होतं, पण काडी पहिल्या झटक्यात पेटली. तो उजेड मी विसरणार नाही.

पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखलातून मदतीला मुलं आली. माझा फोन भिजून बंद पडला होता. एकाने आपला पुढे केला, "काकू, घरी कळवा." मी फोन घेतला आणि बोट तिथेच थांबलं. पुण्याला शिकणाऱ्या माझ्या लेकीचा नंबर मला येत नव्हता. रोज दोनदा तिच्याशी बोलणारी मी! आठवला तो माहेरचा जुना लँडलाइन नंबर, बाबांनी पाढ्यांसारखा घोकून घेतलेला. तो तर कधीच बंद झाला होता. तिकडे पोरीला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

फोन मलाही लागतो. वादळाचा इशाराही त्याच्यावर येतो, त्याने माणसं वाचतात. तो जरूर वापरा. पण आपल्या माणसांचे चार नंबर डोक्यात हवेत, आणि काडेपेटी कुठे आहे ते अंधारात हाताला कळलं पाहिजे.

आता बक्षीस समारंभ आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एक मागते. बक्षीस घ्यायला वर येणाऱ्या प्रत्येकाने आधी माझ्या कानात आईचा नंबर सांगायचा. ज्याला येणार नाही, त्याने खाली जाऊन आईकडून पाठ करून यावं. बक्षीस हातात धरून मी इथेच उभी आहे.